पीटीएसडी कोच: धसक्यावरचं फुकट अ‍ॅप, नीट वापरलं तर खरंच कामाचं

‘धसका घेतलाय’, ‘भीती बसलीय’, ‘तेव्हापासून तो आधीचा राहिलाच नाही’. अपघात, पूर, दरड, हल्ला किंवा अत्याचारातून वाचलेला माणूस महिनोन्महिने सावरत नाही, तेव्हा घरात हेच शब्द निघतात. प्रसंग नको असताना डोळ्यांसमोर येतो. झोप उडते. दार आपटलं तरी माणूस दचकतो, आणि ज्या ज्या गोष्टी आठवण करून देतात त्या एकेक करून टाळायला लागतो. हे महिन्यापेक्षा जास्त टिकलं आणि रोजचं जगणं अडू लागलं, की डॉक्टर त्याला पीटीएसडी (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे आघातानंतरचा मानसिक त्रास) म्हणतात. त्यासाठी स्वतः करण्याच्या उपायांचा बाजार मोठा आहे. त्यातलं कुणालाही बिनदिक्कत सुचवावं असं फार थोडं आहे, आणि ‘पीटीएसडी कोच’ हे अ‍ॅप त्या थोड्यांतलं एक.

अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या खात्यातल्या राष्ट्रीय पीटीएसडी केंद्रानं संरक्षण खात्याच्या मदतीनं ते बनवलं आणि २०११ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींवर चालतं. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. खातं उघडायला किंवा ईमेल द्यायला लागत नाही. एकदा उतरवलं की बहुतेक भाग नेटशिवायही चालतो, त्यामुळे रेंज नसलेल्या गावात रात्री तीन वाजता जाग आली तरी हाताशी असतं. सैनिकांसाठी सुरू झालं असलं तरी आतला मजकूर अपघात, अत्याचार, नैसर्गिक आपत्ती अशा सगळ्यांना लागू पडतो.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. हे अ‍ॅप आजचा तास निभावून न्यायला शिकवतं आणि महिन्यागणिक आपण कुठे आहोत ते प्रामाणिकपणे दाखवतं. मूळ आघात मात्र ते सोडवत नाही, आणि तसा दावाही करत नाही. ही हद्द ओळखून वापरणाऱ्याला त्याचा खूप उपयोग होतो. न ओळखता वापरणारा आठवड्याभरात ते काढून टाकतो.

आत चार दालनं आहेत: माहिती, प्रगती मोजणं, लक्षणं हाताळणं आणि आधार मिळवणं. बहुतेक जण थेट तिसऱ्यात शिरतात, तेही जीव घाबरलेला असताना. इथेच पहिली चूक होते.

सुरुवात शांत वेळी करा, अर्धा तास काढून. सगळ्यात आधी आधाराच्या दालनात जाऊन स्वतःची माणसं भरा. तिथले तयार संकटकालीन क्रमांक अमेरिकेतले आहेत, भारतातून लावून उपयोग नाही. त्याऐवजी १४४१६ म्हणजे टेली-मानस (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन), ११२ (तातडीच्या मदतीचा क्रमांक), आणि रात्री-अपरात्री खरोखर फोन उचलतील अशी दोन माणसं जोडा. ‘खरोखर उचलतील’ यावर भर देतोय, कारण प्रेमाचा माणूस आणि रात्री दोनला शांतपणे बोलू शकणारा माणूस एकच असेल असं नाही. त्यांना आधी विचारून ठेवा. मग स्वतःचे फोटो आणि गाणी घाला. फोटो निवडताना त्या प्रसंगाच्या आधीचे आनंदाचे फोटो टाळलेले बरे, कारण त्यात गेलेलं माणूस किंवा हातातून सुटलेलं आयुष्य दिसू शकतं. घरातलं मांजर, अंगणातली जास्वंद, भाचीनं काढलेलं चित्र असलं काहीतरी चालतं.

फोन घरात सगळ्यांच्या हातात फिरत असेल तर फोनच्या सेटिंगमधून अ‍ॅपला कुलूप लावा. अ‍ॅप तुमचं नाव-गाव मागत नाही हे खरं, पण पडद्यावरचं त्याचं नाव वाचून नवरा किंवा सासरा प्रश्न विचारू शकतो.

आता मोजमाप. आमच्या मते अ‍ॅपचा सगळ्यात मोलाचा भाग हाच, आणि सगळ्यात कमी वापरला जाणाराही हाच. यात पीसीएल-५ ही २० प्रश्नांची चाचणी आहे. जगभरचे मानसोपचारतज्ज्ञ तीच वापरतात. गेल्या महिन्यात प्रत्येक त्रास किती झाला, याला ० ते ४ गुण द्यायचे. एकूण गुण ० ते ८०. साधारण ३१ ते ३३ च्या पुढे गुण गेले तर पीटीएसडीची शक्यता धरून तज्ज्ञाकडे जायला हवं. निदान त्यानं होत नाही, ते समोरासमोरच्या तपासणीतूनच होतं. दोन मोजण्यांत १० गुणांच्या आसपास किंवा त्याहून जास्त फरक पडला तर तो मनावर घ्यावा. ३८ चे ३६ झाले म्हणून हुरळायचं कारण नाही आणि ३६ चे ३९ झाले म्हणून खचायचंही नाही.

या चाचणीत तीन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला म्हणजे लोक ‘आयुष्यातला सगळा त्रास’ डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं देतात. चाचणी एका ठरावीक प्रसंगाबद्दल असते. सगळ्यात जास्त छळणारा एकच प्रसंग निवडा, वहीत एका ओळीत लिहा (‘घाटातला अपघात’ एवढं पुरे, तपशील नको) आणि दर वेळी तोच मनात धरून उत्तरं द्या. दुसरा घोटाळा म्हणजे रोज चाचणी देणं. प्रश्न महिन्याभराचे आहेत. रोज विचारले की उत्तर कालच्या झोपेवर ठरतं आणि आलेख वेडावाकडा होतो. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला द्या. उपचार चालू असतील तर डॉक्टर आठवड्याला द्यायला सांगू शकतात, ती गोष्ट वेगळी.

तिसरा घोटाळा भाषेचा, आणि तो आपल्याकडचा. अ‍ॅप इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये आहे, मराठीत नाही. मग घरातलं कुणीतरी प्रश्न वाचून मराठीत सांगतं. या महिन्यात ‘लोकांपासून तुटल्यासारखं वाटतं का?’ असं विचारलं जातं, पुढच्या महिन्यात ‘कुणाशी बोलावंसं वाटत नाही का?’ असं. दोन्हींची उत्तरं वेगळी येतात. माणूस तोच, गुण मात्र बदलतात. यावर उपाय सोपा आहे. इंग्रजी आणि मराठी दोन्ही चांगलं येणाऱ्या माणसाबरोबर एकदाच बसून वीसही प्रश्न मराठीत लिहून काढा, आणि दर महिन्याला त्याच वहीतून वाचा. गुणही वहीत तारखेसह उतरवा. उत्तरं फोनवरच साठतात, फोन हरवला की ती गेली.

एकूण आकड्याखालचा तपशीलही बघा. पहिले ५ प्रश्न आठवणींचे, पुढचे २ टाळण्याचे, त्यानंतरचे ७ विचार-भावनांचे आणि शेवटचे ६ दचकणं, चिडचिड, झोप यांचे. समजा एकूण गुण ४० आहेत आणि शेवटच्या सहातच २० आले आहेत, तर आधी झोपेकडे आणि सततच्या सावधपणाकडे बघायला हवं. टाळण्याच्या दोन्ही प्रश्नांना ४-४ असतील आणि बाकी सगळं कमी असेल, तर कमी आकड्यावर विश्वास ठेवू नका. सगळं टाळून बसलेल्या माणसाला त्रास कमी होतोच.

आता लक्षणांचं दालन. आत्ता काय होतंय ते आधी निवडायचं: आठवण उफाळली, राग आलाय, झोप येत नाही, चिंता वाटतेय, लोकांपासून किंवा आजूबाजूच्या जगापासूनच तुटल्यासारखं वाटतंय, वगैरे. मग ० ते १० वर त्रास किती ते सांगायचं. अ‍ॅप एक साधन सुचवतं. ते करून झालं की त्रास पुन्हा मोजायचा. हे आधी-नंतरचं मोजणं लोक कंटाळून वगळतात. वगळू नका. दोन आठवड्यांत कळतं की तुमचा राग चालण्यानं ८ वरून ५ वर येतो आणि श्वासानं ८ चा ८ च राहतो. ही माहिती तुम्हाला दुसरं कुणी देऊ शकत नाही. जे साधन लागू पडेल त्याला पसंतीची खूण करा, न पडणारं बाद करा.

साधनं पुष्कळ आहेत, पण ती सगळ्यांना सारखी मानवत नाहीत. कुठलं कुणाला उलटतं हे अ‍ॅप पुरेसं सांगत नाही, म्हणून इथे जरा विस्तारानं.

श्वासाचा व्यायाम. ‘खोल श्वास घ्या’ म्हटलं की घाबरलेला माणूस तोंड उघडून छातीनं जोरजोरात हवा ओढतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, गरगरतं, छाती आवळते. थोडक्यात, घबराटीचा झटका यावा तसंच सगळं होतं, आणि माणूस म्हणतो, ‘श्वासाच्या व्यायामानं मला जास्तच होतं.’ दोष पद्धतीचा असतो. उताणं पडा, बेंबीवर एक रिकामी वाटी ठेवा. नाकानं चार आकडे सावकाश श्वास आत, सहा आकडे बाहेर. वाटी वर-खाली झाली पाहिजे, छाती जवळजवळ स्थिर. हवा भरभरून घ्यायची नाही, फक्त सोडणं लांबवायचं. रोज दोन वेळा, पाच-पाच मिनिटं, त्रास ३-४ च्या आत असताना सराव करा. दोन-तीन आठवडे हे केलंत तर त्रास ८ वर गेल्यावरही शरीराला वाट माहीत असते. पोहायला जसं कुणी पुरात शिकत नाही, तसंच हे.

ज्यांचा गळा दाबला गेला, जे बुडता बुडता वाचले किंवा ढिगाऱ्याखाली अडकले, त्यांना श्वासाकडे लक्ष देणं हाच धक्का असू शकतो. त्यांनी हे साधन सरळ बाद करावं आणि पायांकडे वळावं. अनवाणी फरशीवर उभं राहून टाचा दाबायच्या, गारवा जाणवू द्यायचा, गार पाण्याचा तांब्या दोन्ही हातांत धरायचा. आणि मोठ्यानं बोलायचं: ‘आज गुरुवार. संध्याकाळचे सात वाजलेत. मी स्वयंपाकघरात आहे. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात.’ मनातल्या मनात म्हटलं तर तेवढं काम करत नाही, कानावर पडायला हवं. हे डोळे उघडे ठेवून करायचं. मन आत्ताच्या जागेवर आणायचं आहे, त्यामुळे डोळे मिटून उपयोग नाही.

शरीराकडे डोक्यापासून पायापर्यंत लक्ष नेण्याचा व्यायाम लैंगिक अत्याचारातून गेलेल्यांना बऱ्याचदा झेपत नाही. ठरावीक भागांवर लक्ष गेलं की सगळं परत येतं. हात आणि पाय एवढंच करा, किंवा करूच नका. स्नायू आवळून सैल सोडण्याचा व्यायाम त्यापेक्षा सोसतो: ५ ते ७ सेकंद आवळा, १५ ते २० सेकंद सैल सोडा. हाडात प्लेट असेल, मानेची किंवा कमरेची गादी सरकली असेल तर तो भाग वगळा. आवळणं म्हणजे पूर्ण ताकद लावणं नव्हे, पाऊण ताकद पुरते.

अ‍ॅपमध्ये झोपेसाठी आणि शांततेसाठी निसर्गाचे आवाज आहेत, त्यात पावसाचाही. अमेरिकेत पाऊस हा झोपवणारा आवाज समजतात. पुणे जिल्ह्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ ला किंवा रायगडातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तशा प्रसंगातून वाचलेल्याच्या कानाला तो लावून बघा! समुद्राच्या आवाजाचंही तसंच. कुणालाही अ‍ॅप लावून देताना आधी हे आवाज स्वतः ऐका, नको असतील ते दाखवून ठेवा, आणि त्याऐवजी तंबोरा, रेडिओवरची जुनी गाणी, आजीच्या आवाजातली ओवी असं काही फोनमधून जोडा.

आठवण अचानक उफाळली तर एक तीन पायऱ्यांचं साधन आहे: आधी थांबून सैल व्हायचं, मग कशानं आठवण झाली ते ओळखायचं, मग आता काय करायचं ते ठरवायचं. आम्हाला हे फार आवडतं, कारण त्यात ‘तेव्हा’ आणि ‘आत्ता’ यांतला फरक शोधायला लावतात. द्रुतगती मार्गावर ट्रकनं ठोकरलेला माणूस बाजारात उभा असताना मागून ट्रकचा भोंगा वाजतो. त्यानं स्वतःला सांगायचं: भोंगा तसाच आहे, पण मी फुटपाथवर आहे, ट्रक सिग्नलला उभा आहे, ऊन आहे, तेव्हा अंधार होता. फरक जेवढे बारीक आणि डोळ्यांना दिसणारे, तेवढा उपयोग जास्त. ‘आता मी सुरक्षित आहे’ एवढं मोघम म्हणून भागत नाही.

आता अ‍ॅपची खरी मर्यादा. पीटीएसडी टिकून राहतो तो मुख्यतः टाळण्यामुळे. स्कूटर टाळली, मग तो रस्ता टाळला, मग घराबाहेर पडणंच टाळलं. दर वेळी टाळल्यावर हायसं वाटतं, आणि तेच हायसं वाटणं मनाला शिकवतं की धोका खरा होता. शांत करणारी साधनं हीच चूक नव्या रूपात करू शकतात. अ‍ॅप हातात उघडं असेल तरच बाहेर पडायचं, पोटात जरा खळबळ झाली की लगेच श्वास मोजायचे, असं सुरू झालं की अ‍ॅप कुबडी झालं असं समजा.

त्यावर घरी करता येण्यासारखी एक गोष्ट आहे, पण ती फक्त आज खरोखर निर्धोक असलेल्या गोष्टींसाठी. टाळलेल्या गोष्टींची शिडी करा, ० ते १० चेच आकडे वापरून. बंद स्कूटरवर बसणं ३. सुरू करून जागेवर उभं राहणं ४. सोसायटीच्या आवारात एक चक्कर ५. सकाळी सातला गल्लीच्या टोकापर्यंत ६. सुरुवात ३-४ वाल्या पायरीनं करायची. त्रास आपोआप निम्म्यावर येईपर्यंत किंवा अर्धा-पाऊण तास तिथेच थांबायचं, श्वासाचे व्यायाम न करता. अर्धवट सोडून पळालं तर भीती आणखी पक्की होते, म्हणून पायरी लहान निवडा. रोज तीच पायरी, ती २ वर येईपर्यंत. मग पुढची. मात्र त्या प्रसंगाची आठवण स्वतःहून तपशिलात उकरून काढणं, लिहून काढणं, पुन्हा पुन्हा सांगणं हे एकट्यानं करू नका. त्याची शास्त्रशुद्ध पद्धत आहे, ती प्रशिक्षित माणसाबरोबरच करायची असते.

पुरावा किती? आघातातून गेलेल्या १२० लोकांवरच्या एका चाचणीत निम्म्यांना तीन महिने अ‍ॅप दिलं आणि निम्म्यांना थांबायला सांगितलं. अ‍ॅपवाल्यांची लक्षणं जास्त कमी झाली. ही तुलना ‘काहीच नाही’शी होती, उपचाराशी नव्हती, हे विसरू नये. ब्रिटनची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं आघातावर थेट काम करणारे उपचार सुचवतात, साधारण ८ ते १२ बैठकांचे. त्यांची जागा कुठलंही अ‍ॅप घेत नाही. पण बैठकांची वाट बघताना आणि दोन बैठकांच्या मधल्या दिवसांत हे अ‍ॅप सोबतीला चांगलं.

ज्यांना इंग्रजी अजिबात झेपत नाही त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० मधली ताण हाताळण्याची पुस्तिका पाहावी. चित्रांवर चालते, पाच भाग आहेत, सोबत ऐकण्याचे व्यायाम आहेत. आघातापेक्षा सर्वसाधारण ताणासाठी ती जास्त आहे आणि तिच्यात मोजमाप नाही. तरी चित्रं दाखवून घरातलं कुणीही समजावू शकतं. अ‍ॅपमधलेही तीन-चार व्यायाम आपल्या माणसाच्या आवाजात मराठीत रेकॉर्ड करून फोनमध्ये ठेवता येतात. सावकाश, एका सुरात, मध्ये पुरेशी शांतता सोडून. परक्या उच्चारातल्या इंग्रजी आवाजापेक्षा ते कितीतरी लवकर लागू पडतं.

प्रसंगानंतरच्या पहिल्या महिन्यात हे अ‍ॅप हाती देण्याची घाई नको. बरेच लोक आपोआप सावरतात. तेव्हा झोप, जेवण, ओळखीची माणसं आणि रोजचा क्रम एवढं जपावं. त्या दिवसांत भेटायला येणाऱ्यांनी ‘नक्की झालं तरी कसं?’ असं विचारून पुन्हा पुन्हा वदवून घेणं तर थांबायलाच हवं. त्या ब्रिटिश तत्त्वांतही, घटनेनंतर लगेच सगळं बोलतं करण्याच्या बैठका देऊ नका असं स्पष्ट लिहिलंय. सोसणाऱ्यानं सांगायला घेतलं तर ऐकावं, ओढून काढू नये. घरच्यांसाठी, पीटीएसडी कोच बनवणाऱ्या त्याच अमेरिकी केंद्राचं वेगळं कुटुंबीयांसाठीचं अ‍ॅप आहे, तेही फुकट.

आणि काहींनी अ‍ॅपवर विसंबूच नये. जीव नकोसा वाटतोय, तासन् तास कुठे होतो ते आठवत नाही, झोपेसाठी दारू लागते, अशांनी थेट डॉक्टरांकडे जावं. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या घेऊन महिनोन्महिने ढकलणं पीटीएसडीत घातक आहे. गोळीनं सवय लागते, आघात तसाच राहतो. घरात मारहाण अजून चालू असेल तर भीती हे लक्षण नसून धोक्याची खरी सूचना आहे. तिथे आधी १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२, श्वासाचे व्यायाम नंतर.

तज्ज्ञ शोधायचा तर १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या टेली-मानसला, म्हणजे १४४१६ ला, दिवस-रात्र केव्हाही फोन लावता येतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्य विभाग असतो. तिथल्या ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांकडे वेळ थोडा. म्हणून जाताना एक चिठ्ठी न्या: प्रसंग एका ओळीत, तो घडला ती तारीख, गेल्या तीन महिन्यांचे पीसीएल-५ चे गुण तारखांसह, ज्या प्रश्नांना ४ गुण दिलेत त्यांचे क्रमांक, झोप रात्री किती तास, आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं. तोंडून शब्द फुटला नाही तरी ती चिठ्ठी पुढे सरकवता येते.